उमेदवाराला विरोध : कोणत्या कागदाने, कोणत्या दारात?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या महानगरपालिकेतील एका सदस्याच्या निधनामुळे आमच्या चार सदस्यीय प्रभागातील एक जागा रिक्त झाली असून तिच्यासाठी पोटनिवडणूक होणार आहे. याच प्रभागातून पूर्वी निवडून गेलेले एक माजी नगरसेवक पुन्हा उभे राहण्याच्या तयारीत आहेत. त्यांचे संपर्क कार्यालय उद्यानासाठी आरक्षित असलेल्या भूखंडावरील पत्र्याच्या शेडमध्ये चालते. त्यांच्या भावाच्या फर्मला नालेसफाईची कामे मिळत आली आहेत. आमच्या भागातील पाण्याचा प्रश्न त्यांनी सभागृहात कधी मांडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्यांना तिसरे अपत्य आहे, अशीही चर्चा आहे. आम्ही काही ज्येष्ठ नागरिक असून कोणत्याही पक्षाचे नाही. त्यांची उमेदवारी थांबवता येईल का? न आल्यास उघड विरोध करण्याचा आम्हांला अधिकार आहे का? (नाव व गाव प्रसिद्ध न करण्याची विनंती.)

उत्तर : आपल्या पत्रात दोन निराळे प्रश्न एकत्र आले आहेत. उमेदवारी थांबवणे हा कायद्याचा विषय असून त्याची वाट फार अरुंद आहे. उमेदवाराला मत देऊ नका, असे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगणे हा मात्र आपला मूलभूत अधिकार आहे. राज्यघटनेच्या कलम १९ ने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य मतदाराला निवडणुकीच्या काळातही असते आणि त्यासाठी कोणत्याही पक्षाचा सदस्य असावे लागत नाही. अनेक सुजाण नागरिक आपली सारी शक्ती पहिल्या वाटेवर खर्च करतात, अर्ज वैध ठरला की निराश होऊन घरी बसतात, आणि ज्या कामाचा खरा परिणाम झाला असता ते करायचे राहून जाते, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. म्हणून आधी पहिल्या वाटेच्या मर्यादा सांगतो.

मुंबई वगळता राज्यातील महानगरपालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे आणि अपात्रतेची कारणे त्याच्या कलम १० मध्ये दिली आहेत. या कारणांच्या यादीबाहेरचे काहीही, ते कितीही संतापजनक असले तरी, अर्ज बाद करण्यास पुरेसे ठरत नाही. सभागृहात तोंड न उघडणे ही कायद्याने अपात्रता नाही. न्यायालयात खटला प्रलंबित असणे हीदेखील नाही. त्यासाठी दोषसिद्धी लागते.

शेडचा मुद्दा आपल्या पत्रातील सर्वांत वजनदार मुद्दा आहे, पण तो नीट समजून घ्यायला हवा. कलम १० मधील पोटकलम (१ड) नुसार नगरसेवकाने स्वतः, त्याच्या जोडीदाराने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीने अनधिकृत बांधकाम केले, तर तो अपात्र ठरू शकतो. ही तरतूद येथेच थांबत नाही. अशा बांधकामाला नगरसेवकपदाचा वापर करून मदत करणे, आणि अधिकारी ते पाडायला आले असता प्रत्यक्ष उभे राहून किंवा लेखी पत्र देऊन त्यांना अडवणे, हेही तिच्या कक्षेत येते. "सदर कारवाई तूर्त स्थगित ठेवावी" अशा एका ओळीचे, नगरसेवकाच्या छापील शीर्षपत्रावरचे पत्र अतिक्रमण विभागाच्या फायलीत सापडले, तर ते शंभर तोंडी तक्रारींपेक्षा मोलाचे आहे. मात्र ही तरतूद मुख्यतः पदावर असलेल्या नगरसेवकाला उद्देशून आहे. आपले उमेदवार आज माजी आहेत. शेड डोळ्यांना दिसते एवढ्यावर निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज फेटाळणार नाहीत. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६० खाली किंवा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली नोटीस निघाली होती का, सुनावणी होऊन बांधकाम अनधिकृत ठरवणारा आदेश झाला का, तो कोणाच्या नावे झाला आणि त्यावर न्यायालयाची स्थगिती आहे का, या चार गोष्टी कागदावर असाव्या लागतात. पुष्कळदा असे आढळते की नोटीस वर्षानुवर्षांपूर्वी निघालेली असते आणि आदेश कधीच झालेला नसतो. तसे असेल तर तीच गोष्ट मतदारांसमोर ठेवण्याजोगी आहे, कारण उद्यानाचा भूखंड मुलांना का मिळाला नाही, याचे उत्तर त्या अर्धवट फायलीतच असते.

भावाच्या फर्मविषयी. महानगरपालिकेबरोबरच्या कंत्राटात उमेदवाराचा स्वतःचा किंवा त्याच्या भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तर तो अपात्र ठरतो. भाऊ ठेकेदार असणे म्हणजे उमेदवाराचा हिस्सा असणे, असे कायदा मानत नाही. फर्म भागीदारीची असेल तर भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडील नोंद, कंपनी असेल तर संचालकांची नोंद काढून पाहावी. तेथे उमेदवाराचे नाव नसेल, तर हा आक्षेप छाननीच्या टेबलावर टिकणार नाही. त्याच वेळी, स्थायी समितीत त्या निविदेच्या प्रस्तावाला मंजुरी देताना आपले उमेदवार समितीचे सदस्य होते का आणि त्यांनी भावाशी असलेले नाते सांगितले का, हे इतिवृत्तातून दिसते. तो प्रश्न विचारण्याचा मतदाराला पूर्ण हक्क आहे.

घरपट्टी किंवा पाणीपट्टी थकलेली असणे हेही कारण म्हणून लोक पुढे करतात. थकबाकीबद्दल विशेष नोटीस बजावल्यानंतर ३ महिन्यांत ती भरली नाही, तरच अपात्रता येते. बहुतेक उमेदवार अर्ज भरण्याआधी सर्व देणी चुकती करून दाखला घेतात, त्यामुळे यात फारसे हाती लागत नाही.

राहिला तिसऱ्या अपत्याचा मुद्दा. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनहून अधिक होत असेल, तर उमेदवार अपात्र ठरतो, हे खरे आहे. परंतु त्यासाठी जन्मनोंदीचा उतारा लागतो; चर्चा चालत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की नागरिकांच्या गटाने या मुद्द्याच्या मागे लागू नये. त्या मुलाचा किंवा मुलीचा या निवडणुकीशी काही संबंध नसतो, आणि आपले अपत्य नाकारण्यापर्यंत किंवा नातेवाइकाच्या नावावर दाखवण्यापर्यंत माणसे जातात, त्याची झळ त्या लेकराला आणि त्याच्या आईला आयुष्यभर बसते. प्रतिस्पर्धी उमेदवार हा आक्षेप घेतीलच. आपण पाणी, उद्यान आणि नालेसफाई यांवर बोलावे.

आता वेळेबद्दल. राज्यातील २९ महानगरपालिकांच्या गेल्या सार्वत्रिक निवडणुकीचा कार्यक्रम १५ डिसेंबर २०२५ रोजी जाहीर झाला. अर्ज २३ ते ३० डिसेंबर या काळात घेतले गेले, छाननी ३१ डिसेंबरला झाली, माघारीची मुदत २ जानेवारी २०२६ रोजी संपली आणि १५ जानेवारीला मतदान होऊन दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली. म्हणजे आक्षेप घेण्यासाठी प्रत्यक्षात एकच दिवस होता. माहितीच्या अधिकारातील अर्जाला उत्तर देण्यास कायद्याने ३० दिवसांची मुदत असल्यामुळे, निवडणूक जाहीर झाल्यावर मागितलेले कागद आपल्या हाती पडेपर्यंत मतदान होऊन गेलेले असते. आपली पोटनिवडणूक अद्याप जाहीर झालेली नसेल, तर हे पत्र वाचल्यावर पहिले काम माहितीच्या अधिकारातील अर्ज टाकण्याचे करा.

छाननीच्या दालनात साध्या मतदाराला बसता येत नाही. तेथे उमेदवार, त्यांचे निवडणूक प्रतिनिधी, सूचक आणि उमेदवाराने लेखी अधिकार दिलेली व्यक्ती यांनाच प्रवेश असतो. म्हणून आपला लेखी आक्षेप प्रमाणित प्रतींसह छाननीच्या आधीच निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आवक नोंद करून द्यावा आणि पोच घ्यावी. एखादा अपक्ष उमेदवार तो आक्षेप दालनात मांडायला तयार असेल, तर अधिक बरे. अधिकारी संक्षिप्त चौकशी करतात, साक्षीपुरावे घेत नाहीत, त्यामुळे ज्याला स्पष्टीकरणाची गरज आहे असा कागद तेथे उपयोगी पडत नाही.

अर्ज वैध ठरला तर निवडणूक सुरू असताना न्यायालयात धाव घेऊन ती थांबवता येत नाही. राज्यघटनेच्या कलम २४३ यछ ने ती वाट बंद केली आहे आणि निकालानंतरची निवडणूक याचिका हाच उपाय ठेवला आहे. ही याचिका, निवडून आलेल्यांची नावे प्रसिद्ध झाल्यापासून अवघ्या १० दिवसांत दाखल करावी लागते. मुंबईत ती लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांपुढे जाते, अन्यत्र महानगरपालिका अधिनियमाने ठरवलेल्या न्यायाधीशांपुढे. पराभूत उमेदवारच नव्हे, तर मतदारयादीत नाव असलेली व्यक्तीही ती दाखल करू शकते, हे फार थोड्यांना माहीत आहे. निकालाच्या दिवशी गुलाल उधळला जात असताना ही मुदत धावू लागलेली असते, म्हणून वकिलांशी बोलणे आधीच झालेले असावे.

उमेदवाराचे शपथपत्र हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित कागद आहे. ते अर्जासोबत दाखल होते आणि मतदारांना पाहता येते. आपण ते ओळीओळीने वाचा. गुन्ह्यांचा रकाना लोक पाहतात; स्थावर मालमत्तेचा रकाना फारसा कोणी पाहत नाही. "अनिवासी इमारती" यासमोर "निरंक" असे लिहिलेले असेल आणि त्याच जागेची मालमत्ता कराची आकारणी उमेदवाराच्या किंवा पत्नीच्या नावे असेल, तर एका बाजूला शपथपत्राची प्रत आणि दुसऱ्या बाजूला कराचे बिल एवढेच शेजारी शेजारी ठेवून दाखवता येते. माहिती दडवणे किती गंभीर आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०१५ रोजी कृष्णमूर्ती विरुद्ध शिवकुमार या निकालात सांगितले आहे. ते प्रकरण तामिळनाडूतील कोइमतूर जिल्ह्यातल्या एका पंचायतीचे होते. अध्यक्षपदाच्या उमेदवाराने निधीच्या अपहाराशी संबंधित प्रलंबित प्रकरणांची पूर्ण माहिती शपथपत्रात दिली नव्हती. अशी लपवाछपवी मतदाराच्या मुक्त निवडीत हस्तक्षेप करते, म्हणून तो अनुचित प्रभावाचा भ्रष्टाचार ठरतो आणि निवड रद्द होऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. एका गावपातळीवरच्या निवडणुकीसाठी सर्वोच्च न्यायालयाने एवढा विचार केला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता दुसऱ्या वाटेकडे वळतो. "त्यांनी पाण्याचा प्रश्न मांडला नाही" असे आपल्या ऐकिवात आहे. ते कागदावर आणा. महानगरपालिकेच्या नगरसचिव कार्यालयाकडे सर्वसाधारण सभेची उपस्थिती, लेखी प्रश्न आणि इतिवृत्ते असतात. त्यांच्या संपूर्ण कार्यकाळातील उपस्थितिपत्रक, त्यांनी विचारलेल्या लेखी प्रश्नांच्या प्रती आणि प्रभागासाठी मिळालेल्या विकासनिधीतून झालेल्या कामांची यादी, एवढ्या तीनच गोष्टी मागा. पुण्यात या निधीच्या कामांना "स यादी" म्हणतात आणि ती वाचली की बाक, दिशादर्शक फलक, कापडी पिशव्या व पेव्हर ब्लॉक यांवर किती पैसे गेले आणि जलवाहिनीवर किती, हे एका बैठकीत समजते. आपल्या शहरात तिला दुसरे नाव असेल, पण यादी असतेच. कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयक या तिन्हींच्या प्रती एखाद्या कामासाठी घेऊन त्या जागी जाऊन उभे राहा. मोजमाप पुस्तिकेत लिहिलेल्या लांबीचा नाला तेथे साफ झालेला आहे का, हे टेपने मोजता येते. नागरिकांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहू देण्याची पुणे महानगरपालिकेची पद्धत २०१८ मध्ये शासन निर्णयाने राज्यातील स्थानिक संस्थांना लागू करण्यात आली. ती आपल्याकडे चालू असेल तर तिचा आधार घेऊन फायली पाहण्याची मागणी आपण लेखी करू शकता.

उपस्थिती चांगली निघाली आणि पाण्यावर दोन प्रश्न विचारलेले आढळले, तर ते मान्य करा आणि आपल्या पत्रकातून तो आरोप काढून टाका. उरलेल्या आरोपांचे वजन त्यामुळे वाढेल.

पत्रक काढताना दोन कलमे लक्षात असू द्या. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी, निकालावर परिणाम व्हावा या हेतूने, खोटे असल्याचे ठाऊक असूनही विधान करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खाली दंडनीय गुन्हा आहे; आणि बदनामीचे कलम ३५६ आहेच. दुसरीकडे, लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल सद्‌भावनेने व्यक्त केलेले मत बदनामीच्या व्याख्येतून वगळले आहे. "ते भ्रष्ट आहेत" हे वाक्य आपल्याला अडचणीत आणू शकते. "अमुक तारखेच्या सभेत अमुक क्रमांकाच्या ठरावाने हे काम या फर्मला दिले गेले, सभेला ते उपस्थित होते" हे वाक्य इतिवृत्तात तसे असेल तर कोणालाही अडचणीत आणत नाही, आणि वाचणाऱ्याला निष्कर्ष काढता येतो. पत्रकावर प्रकाशक म्हणून आपली खरी नावे आणि मुद्रकाचे नाव छापा. निनावी पत्रक प्रतिस्पर्ध्याचे समजले जाते. परवानगीशिवाय भिंती रंगवू नका व फ्लेक्स लावू नका. मालमत्ता विरूपण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आपल्यालाही लागू आहे. एखाद्या दुसऱ्या उमेदवाराला मत द्या, असे त्या पत्रकात लिहिल्यास त्याच्या लेखी अनुमतीचा आणि खर्चाच्या हिशेबाचा प्रश्न उभा राहतो, तेव्हा ते टाळावे.

सर्व उमेदवारांना एका मंचावर बोलावून उपस्थितिपत्रक, लेखी प्रश्न आणि कामांची यादी हेच तीन कागद समोर ठेवून प्रश्न विचारता आले, तर त्याहून चांगले काही नाही. सभेची परवानगी घ्या, निमंत्रण सर्वांना द्या, आणि आपले माजी नगरसेवक आले तर त्यांना इतरांइतकाच वेळ बोलू द्या.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या अध्यक्षांनी सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर कळवले आहे की एका उमेदवाराने इमारतीला रंग आणि आवारात पेव्हर ब्लॉक करून देण्याचे कबूल केले असून त्या बदल्यात संस्थेतील सर्व मते त्यांना द्यायची आहेत. मी विरोध केला तर "तुमच्यामुळे संस्थेचे नुकसान होईल" असे ऐकावे लागते. मी एकटी राहणारी गृहिणी आहे. काय करावे?

उत्तर : ताई, संस्थेला सभासदांची मते देऊ करण्याचा कोणताही अधिकार नाही आणि असा ठराव झाला तरी तो आपल्यावर बंधनकारक नाही. मताच्या बदल्यात लाभ देणे आणि घेणे, दोन्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० नुसार लाचखोरीत मोडतात. त्यासाठी १ वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. अध्यक्षांनी हे लेखी कळवले असल्यामुळे त्या संदेशाचे तारखेसह चित्र जपून ठेवा. आचारसंहिता लागू झाल्यावर ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे किंवा भरारी पथकाकडे देता येते आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती अर्जातच करता येते.

आपली भीती मी समजू शकतो. मतमोजणी केंद्रनिहाय होते, त्यामुळे एका मोठ्या सोसायटीचे केंद्र असेल तर तेथून किती मते मिळाली याचा अंदाज कार्यकर्ते बांधतात. परंतु कोणी कोणाला मत दिले हे यंत्रातून कळण्याचा मार्ग नाही. कळेल, असे सांगून कोणी दमदाटी करत असेल तर तो अनुचित प्रभावाचा वेगळा गुन्हा आहे. गटावर वाद घालण्यापेक्षा, संस्थेच्या सचिवांना एक छोटे पत्र द्या : रंगाचे व फरसबंदीचे काम कोणत्या निधीतून होणार आहे, त्याचे अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावे. सभासद म्हणून हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि यात राजकारणाचा एक शब्दही येत नाही. बहुतेक ठिकाणी एवढ्या प्रश्नानेच आश्वासनाचा आवाज खाली येतो, कारण उत्तर कागदावर द्यायला कोणी तयार नसते.

प्रश्न : आमच्या प्रभागात एकही उमेदवार पसंत नसेल तर "नोटा" दाबून उपयोग होतो का? आणि उमेदवार बिनविरोध झाला तर आम्ही काय करायचे?

उत्तर : लोकसभा व विधानसभा निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते मिळाली तरी त्यानंतरचा उमेदवार विजयी होतो. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत मात्र राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार, नोटाला सर्व उमेदवारांपेक्षा अधिक मते मिळाली तर कोणालाही विजयी घोषित न करता फेरनिवडणूक घेतली जाते. फेरनिवडणुकीतही तसेच घडले तर तिसरी निवडणूक होत नाही आणि उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो. म्हणजे आपल्याकडे नोटाला थोडा तरी दात आहे. पण विखुरलेल्या रागातून ते साधत नाही आणि बहुधा नकोशा उमेदवाराचेच मताधिक्य त्यातून वाढते. एकाच व्यक्तीला विरोध असेल तर तिला हरवू शकणाऱ्या, त्यातल्या त्यात बऱ्या उमेदवाराला मत देणे मला अधिक उचित वाटते.

उमेदवार एकच उरला तर मतदानच होत नाही आणि नोटाचे बटणही मिळत नाही. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत वेगवेगळ्या महापालिकांत मिळून साठाहून अधिक जागा बिनविरोध झाल्या, तेव्हा आयोगाने माघारीमागे दबाव किंवा आमिष होते का, याचे अहवाल मागवले होते. त्याआधी सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केल्या होत्या. तेथे लिलावाची चित्रफीत हाती होती. तेव्हा आपल्या प्रभागात पैसे देऊन किंवा धमकावून माघार घडवली गेल्याचा पुरावा असेल, तर निकाल घोषित होण्यापूर्वी तो आयोगाकडे लेखी पाठवा. आणि कोणीच समोर उभे राहत नसेल, तर आपल्यापैकी वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्या आणि त्या शहराच्या मतदारयादीत नाव असलेल्या एखाद्या नागरिकाने अपक्ष म्हणून अर्ज भरावा आणि माघारीच्या दिवशी दुपारपर्यंत तो मागे घेऊ नये. तेवढ्यानेही मतदान घ्यावे लागते.